नकलेचे अस्सलपण

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी फोपनारला आमच्या घरासमोर एक गाडी येऊन उभी राहिली. गाडीला छप्पर नव्हते, दारे नव्हती, काचाही नव्हत्या. पुढची दोन चाके अंगाबाहेर आलेली, दोन मोठे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले आणि बसायला जागा फक्त दोघांना. तीही इतकी खाली, की चालवणाऱ्याने हात बाहेर काढला तर बोटे जमिनीला टेकावीत. गल्लीतली सगळी पोरे जमली. आमच्या आत्या काठी टेकत ओट्यावर आल्या, गाडीकडे नीट पाहिले आणि आम्हालाच विचारले, "काय रे, अर्धी गाडी पुण्यालाच सोडून आलात का?"

गाडी आमच्या मामेभावाची. त्याने ती पुण्यात जुनी म्हणून विकत घेतली आणि आम्ही दोघे ती चालवत इथवर घेऊन आलो. ही १९५७ सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी गाडीची प्रतिकृती आहे, असे कळल्यावर गावातल्या एका शिक्षक मित्राने थोड्या निराशेने म्हटले, "म्हणजे डुप्लिकेट!" हा शब्द आमच्या मनात राहिला. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा ठरवले की या 'डुप्लिकेट'चाच इतिहास लिहावा. आम्ही इतिहासकार नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, एवढीच आमची विद्या. पण यंत्र उघडून पाहण्याची आणि कागद तपासण्याची, अशा दोन्ही सवयी या नोकरीने लावल्या. या लेखात दोन्ही कामी आल्या आहेत.

आपण सगळे नकलेतच वाढलो

आधी आपल्याच पिढीकडे पाहू. आमच्या लहानपणी साहेबांची गाडी म्हणजे अम्बॅसिडर. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली. १९५७ मध्ये ती इथे सुरू झाली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. इंग्लंडमध्ये मूळ गाडी केव्हाच विस्मरणात गेली, इथे मात्र तिच्यावर लाल दिवा चढला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ही कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी इटलीची फियाट ११००. बजाजची स्कूटर मुळात इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावरची. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. किती घरांच्या संसाराला ती पुरली, हे वेगळे सांगायला नको. लग्नात स्कूटर, तिच्यावर पुढे एक पोर उभे आणि मागे वहिनींच्या मांडीवर दुसरे, हे चित्र पाहून 'ही तर इटलीची नक्कल' असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जीपची कथा याहून गमतीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने जीप बनवली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने १९४७ पासून माझगावला तिची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. तहसीलदारापासून वनखात्यापर्यंत सगळ्यांच्या कामाला ती आली. पुढे २०१८ मध्ये याच महिंद्राने अमेरिकेत त्या जुन्या घाटाची रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली, तेव्हा तिथे जीपच्या नावाचे हक्क असलेल्या फियाट क्रायस्लरने नकलेचा दावा लावला. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला आणि गाडीचा चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षे रीतसर परवान्याने बनवलेले रूप दुसऱ्या गावात नक्कल ठरले. म्हणजे नक्कल कशाला म्हणायचे हे रूपापेक्षा कागदावर अधिक ठरते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

सात क्रमांकाची गाडी

आमच्या दारात आलेली गाडी ज्या घाटाची, ती मूळ गाडी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन हा लंडनचा अभियंता. त्याने १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी काढली. पैसा कमी होता, पण शर्यतीची हौस मोठी होती. वेग हवा तर इंजिन मोठे करायचे, हा सरळ मार्ग. चॅपमनने उलटा मार्ग धरला. इंजिन साधेच ठेवायचे, पण गाडीचे ओझे कमी करायचे. बारीक पोलादी नळ्या जोडून पिंजऱ्यासारखा सांगाडा केला, वर ॲल्युमिनियमचे पत्रे मारले आणि जे नसले तरी चालेल ते सगळे काढून टाकले. १९५७ मध्ये आलेल्या सेव्हनचे वजन जेमतेम अर्धा टन होते. सुरुवातीच्या गाड्यांना फोर्डचे ११७२ सीसीचे इंजिन होते, त्याची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. ट्रॅक्टर चालवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे गणित पटेल. रिकामी ट्रॉली आणि भरलेली ट्रॉली यांत इंजिन तेच असते, चढावर फरक ओझ्याचाच पडतो.

या गाडीचा दुसरा गुण कराशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, पण सुट्या भागांवर तो लागत नसे. म्हणून लोटस ही गाडी सुट्या भागांच्या पेटीच्या रूपात विके. गिऱ्हाईक ती घरी नेऊन मागच्या अंगणात जोडी. असे सांगतात की जुळणीची पुस्तिका दिली तर ती तयार गाडी धरली जाई, म्हणून कंपनी 'गाडी कशी उघडावी' याची पुस्तिका देई आणि गिऱ्हाईक ती शेवटून वाचत येई! सरकारी नियम आणि माणसाची अक्कल यांची ही झटापट सगळ्या देशांत सारखीच.

१९७३ मध्ये तिथे नवी करपद्धत आली आणि ही सवलत संपली. लोटसने सेव्हन बंद केली, पण तिचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला दिले. केटरहॅमने त्याच जुन्या रूपात ती पुढे चालू ठेवली आणि ती आजही बनते. हॉलंडमध्ये डोंकरवूर्ट यांनी १९७८ पासून त्याच वळणाच्या गाड्या सुरू केल्या, दक्षिण आफ्रिकेत बर्किन आली. १९९६ मध्ये तर रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने अडीचशे पौंडांत घरी अशी गाडी कशी बनवावी यावर पुस्तकच लिहिले आणि जगभर लोकांनी आपापल्या पडवीत वेल्डिंग मशीन लावली. कोब्रा नावाच्या गाडीचेही असेच झाले. अमेरिकेच्या कॅरल शेल्बी याने १९६२ मध्ये इंग्रजी एसी गाडीच्या अंगात फोर्डचे मोठे इंजिन बसवले. मूळ कोब्रा हजाराच्या घरात निघाल्या, तिच्या प्रतिकृती मात्र त्याच्या कितीतरी पट. मूळ गाडी तिजोरीत जाते, प्रतिकृती रस्त्यावर राहते.

अलिबाग आणि इचलकरंजी

ही लाट आपल्याकडेही पोचली. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत गिडो बोथे व शमा बोथे यांनी चिंकारा मोटर्स ही छोटी कंपनी चालवली. त्यांची रोडस्टर १.८ एस ही सेव्हनच्या घाटाची दोन बैठकींची गाडी. अंग फायबरग्लासचे आणि आत इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन. अम्बॅसिडरला पुढच्या काळात जे १.८ लिटरचे इसुझू इंजिन मिळाले, त्याच घराण्यातले. म्हणजे ज्या इंजिनाने कलेक्टर साहेबांना दौऱ्यावर नेले, तेच गोत्र इथे हलक्या अंगात बसून वाऱ्याशी बोलू लागले. महायुद्धातल्या जीपच्या वळणाची जीपस्टर हीसुद्धा त्यांचीच.

फायबरग्लासचे काम आम्ही जवळून पाहिले आहे. आधी साचा करतात, त्याला मेण चोळतात, मग जेलकोटचा थर देतात, त्यावर काचतंतूची मॅट अंथरून रेझिन पाजतात. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी पुढे तिथूनच तडा जातो. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढताना कारागीर जसा श्वास रोखतो, तसाच इथेही रोखतो.

पण नक्कल करणाऱ्यांबरोबर अस्सल करणाऱ्याचेही नाव घेतले पाहिजे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात स्वतःच्या डोक्याने छोटी मोटार बनवायला घेतली. तिचे नाव मीरा. त्यांचे शिक्षण फार नव्हते. पहिला नमुना दोन बैठकींचाच होता. पुढे वीस-पंचवीस वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, वाखाणली. पण परवान्यांच्या त्या काळात ती कारखान्यातून कधीच निघाली नाही. आज सामान्य माणसाची छोटी गाडी म्हटले की आपल्याला इतर नावे आठवतात, मीरा आठवत नाही. परदेशी गाड्यांच्या परवानाधारक नकला देशभर धावल्या आणि आपल्या माणसाची अस्सल गाडी नमुन्यापुढे गेली नाही. 'डुप्लिकेट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

मामेभावाची खरेदी

आता थोडे घरचे. मामेभाऊ पुण्यात नोकरी करतो. कॉलेजपासून त्याला या गाडीचे वेड. चाळिशी जवळ आली, घराचे हप्ते संपत आले आणि एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, गाडी मिळते आहे. तू येऊन बघ." रजा टाकून आम्ही गेलो.

पहिली गाडी लांबून फारच देखणी होती. आधीच्या मालकाने बरेच बदल केलेले. रुंद टायर, तोफेसारखा सायलेन्सर, वर कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे दमदार इंजिन. दलाल सांगत होता, "साहेब, मूळ गाडीपेक्षा भारी झाली आहे." मामेभाऊ खुर्चीत बसला तो उतरेचना. आम्ही मात्र सतरंजी अंथरून खाली शिरलो. सांगाड्याच्या मागच्या नळीवर नव्या रंगाखाली गंज होता आणि एका जोडावरचे वेल्डिंग नंतरचे, घाईचे होते. चाकाच्या वरच्या बाजूला फायबरला केसासारखे तडे होते. मग कागद मागितले. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळत नव्हता. चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घेऊ म्हटल्यावर दलालाला अचानक महत्त्वाचा फोन आला. चहा पिऊन परतलो. त्या रात्री मामेभाऊ आमच्याशी धड बोलला नाही. "तुम्हा सरकारी लोकांना कागदापलीकडे काही दिसतच नाही," एवढे मात्र जेवताना म्हणाला.

कागदापलीकडे दिसत नाही असे नाही, पण कागदाकडे का पाहावे लागते ते सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठीची सोय यांना रीतसर वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात हा नियम आणखी पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. विम्याचा प्रश्न वेगळाच. न कळवलेले बदल असलेल्या गाडीचा अपघात झाला, तर आपल्याबरोबर समोरच्याचेही कुटुंब वाऱ्यावर पडू शकते.

काही जणांना वाटते की अशा गाड्या 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतील. तसे नाही. २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे आणि रोजच्या वापराला मनाई. चेहरा १९५७ चा असला तरी जन्म अलीकडचा असेल, तर ती गाडी नियमाच्या दृष्टीने नवीच. आणि नवी म्हटली की पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी आली, प्रदूषणाचे निकष आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर वर्षाला मोजक्या गाड्या बनवणाऱ्या छोट्या कारागिराला ती पायरी चढणे फारच अवघड झाले आहे. म्हणून अशा गाड्या आता बहुतेक जुन्यांतच शोधाव्या लागतात.

मामेभावाचा राग तीन महिन्यांत निवळला, कारण दुसरी गाडी मिळाली. ती कोणाच्या घडणीची ते इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. सेव्हनच्याच घाटाची, रंग थोडा उडालेला, खुर्च्या फाटलेल्या. पण इंजिन, चेसिस आणि आरसी तिन्ही एकाच घरचे. आधीच्या मालकाने लावलेले मोठे भोंगे आणि झगझगीत दिवे आम्ही दोघांनी एका रविवारी उतरवले. ब्रेकचे पाइप बदलले, सगळे नट एकेक करून कसले. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी त्याच्या नावावर झाली. त्या दिवशी तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी तू नसतास तर मी ती पहिली घेतली असती." आम्ही म्हटले, "आणि आम्ही तुला डब्बा घेऊन भेटायला आलो असतो."

पुणे ते फोपनार

दिवाळीत गाडी गावी न्यायचे ठरले. पुणे ते बऱ्हाणपूर हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. सामान म्हणजे दोन पिशव्या, त्याही पायाशी. फराळाचा डबा मामींनी दिला होता, तो आमच्या मांडीवर.

या गाडीत बसले की रस्ता वेगळाच भासतो. उसाच्या ट्रॉलीचे चाक डोळ्यांच्या उंचीवर येते. ट्रकचा धूर थेट तोंडावर. पण शेतात पाणी सोडले असेल तर ओल्या मातीचा वास आधी नाकाला लागतो आणि मग शेत दिसते. स्टिअरिंग इतके हलके की हाताने नव्हे, मनाने वळते असे वाटावे. वेग फार नव्हता. साठ-सत्तरच्या पुढे आम्ही त्याला जाऊ दिले नाही आणि जावेसेही वाटले नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून साठचा वेगही शंभराचा वाटतो. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गतिरोधक. प्रत्येक गावाच्या वेशीवर आम्ही उतरायचो, वजन कमी करायचो आणि गाडी तिरकी घालून काढायचो. लोक हसायचे, मग हातही लावायचे. एका टपरीवर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्या पोराला एक चक्कर मारून आणा."

संभाजीनगरला सकाळी बीबी का मकबरा पाहिला. आपल्या बऱ्हाणपूरच्या माणसाला ही वास्तू वेगळी वाटायला हवी. १६३१ मध्ये मुमताजचे निधन बऱ्हाणपुरात झाले. आग्र्याला नेण्याआधी तिचा देह आहुखान्यात ठेवला होता. तिच्यासाठी ताजमहाल झाला. पुढे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी संभाजीनगरला मकबरा उठला. ताज घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा अताउल्ला याचे नाव त्या मकबऱ्यावर कारागीर म्हणून आहे. लोक तिला ताजची नक्कल म्हणतात. खरे तर तो बापाचा हात मुलाने पुढे चालवल्याचा पुरावा आहे. अलीकडे २०२१ मध्ये आपल्या बऱ्हाणपुरात एका गृहस्थांनी पत्नीसाठी ताजच्या रूपाचे घर बांधले, ते आपण सगळ्यांनी पाहिलेच आहे. जिथून ती कथा सुरू झाली, तिथेच तिची प्रतिकृती परत आली.

मग अजिंठ्याच्या डोंगरावरून जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. इच्छापूरच्या पुढे केळीचे बाग सुरू झाले आणि गार वारा लागला. मामेभावाने गाडी आमच्या हातात दिली. मध्य प्रदेशात ती आम्हीच आणली, एवढा मान त्याने राखला.

देवराष्ट्रेची जीप, फोपनारच्या मूर्ती

या विषयावर लिहिताना देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांना विसरता येत नाही. सांगली जिल्ह्यातले हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या या कारागिराने मुलाच्या हट्टासाठी भंगारातून आणि दुचाकीच्या भागांतून छोटी जीप बनवली. तीही किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, पण त्याच वेळी हेही सांगितले की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. त्या घटनेत कौतुक आणि नियम दोघांचाही मान राहिला. असा तोडगा प्रत्येक कारागिराच्या नशिबी नसतो. मीराच्या तर नव्हताच.

आता शेवटचा मुद्दा, जो मनात होता म्हणून हा सगळा लेख लिहिला. आमचे फोपनार हे लहानसे गाव. पण कलेच्या पुस्तकांत त्याचे नाव मोठ्या मानाने येते, हे गावातल्याही थोड्याच लोकांना माहीत आहे. इथल्या जमिनीतून सात कांस्य बुद्धमूर्ती निघाल्या. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे अजिंठ्याच्या वैभवकाळाच्या आसपासच्या. आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिथे त्यांची निगा राखली जाते, अभ्यासक त्या पाहतात, हे योग्यच आहे. पण फोपनारमध्ये त्यांची एक खूणही नाही. आमच्या मुलाने शाळेत विचारले, "बाबा, आपल्या गावच्या मूर्ती आपण कधी पाहायच्या?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मूळ मूर्ती परत मागण्याचा आमचा आग्रह नाही. पण एक प्रतिकृती का असू नये? संग्रहालयाच्या परवानगीने, नीट मापात, चांगल्या ओतीव कारागिराकडून करून घेतलेली. शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेली. खाली पाटी, त्यावर स्वच्छ लिहिलेले असावे, 'प्रतिकृती. मूळ मूर्ती राष्ट्रीय संग्रहालय, नवी दिल्ली.' एवढी एक ओळ असली की ती डुप्लिकेट राहत नाही, ती गावची आठवण होते. आपल्या मंडळाने यंदाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून त्यासाठी पत्रव्यवहार सुरू करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ. त्या कामात आमचा हात बसलेला आहे.

कारण मामेभावाच्या गाडीने आम्हाला एवढे शिकवले. पहिली गाडी देखणी होती, पण ती आपण कोण हे सांगत नव्हती. दुसरी साधी होती, पण तिचा सांगाडा, तिचे इंजिन आणि तिचा कागद एकच बोलत होते. फसवणूक घाटाची नक्कल करण्यात नसते, ती नाव लपवण्यात असते. नाव उघड असेल, तर नक्कल करणारा मूळ कारागिराचा शिष्य ठरतो.

आणि आपला बाप्पा? दरवर्षी तेच रूप, तेच साचे, तीच सोंड. दहा दिवसांनी विसर्जन आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी मूर्ती. मागच्या वर्षीची कुठे आणि यंदाची नक्कल कशी, असे कोणी विचारत नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की ती अस्सल.

दिवाळी संपून मामेभाऊ पुण्याला परत निघाला, तेव्हा आत्या ओट्यावर होत्याच. त्याने त्यांना धरून गाडीत बसवले आणि गल्लीतून एक चक्कर मारली. उतरल्यावर पदर सावरत त्या म्हणाल्या, "अर्धी असली तरी पुरी आहे रे."

गणपती बाप्पा मोरया!